सहा मिनिटांची नोंद

भाचीचा फोन आला तेव्हा चष्मेवाली काचेची कड घासत होती. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या मापाला आणायच्या, हे काम ती बावीस वर्षं करत होती आणि गल्लीत सगळे तिला त्याच नावाने ओळखत. तिने मशीन बंद केलं नाही. फोन खांद्याने कानाशी दाबून ती घासतच राहिली.

"आत्या, ठेवू नकोस हं फोन," भाची म्हणाली. "बाबांना लिम्फोमा झालाय. दोनदा औषधं झाली, दोन्ही वेळा उलटला. आता एकच उपाय उरलाय. त्यांच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या."

"मग सोडा की. मला कशाला सांगतेस?"

"हॉस्पिटलचा नियम आहे. पेशी सोडल्यावर अठ्ठावीस दिवस चोवीस तास कुणीतरी घरचं माणूस सोबत पाहिजे. नसेल तर ते हातच लावत नाहीत. आई तर केव्हाच निघून गेलीय. मी इथे परदेशात, बाळ वीस दिवसांचं. तुझ्याशिवाय कोणी नाहीये, आत्या."

चष्मेवालीने आता मशीन बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. घरात तो छोटू होता; पुढे पुठ्ठ्याच्या कारखान्यात सुरक्षा निरीक्षक झाला. त्याच कारखान्यात तिचा नवरा बॉयलरवर होता. अकरा वर्षांपूर्वी तिथे वाफेचा स्फोट झाला आणि नवऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजून निघाला. चौकशी झाली, अहवाल भावाने लिहिला. 'बॉयलर अटेंडंट कामाच्या वेळेत झोपला होता.' नवरा शेवटपर्यंत सांगत राहिला की मी जागा होतो, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला होता, तो तपासायचं काम छोटूचं होतं आणि त्याने ऑफिसात बसूनच सही ठोकली होती. कोणी ऐकून घेतलं नाही. नोकरी गेली. झोपणारा म्हणून जो शिक्का बसला, तो घेऊन दुसरी मिळाली नाही. चार वर्षांनी एका दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या तो गेला. भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. तिने त्याच्या तोंडावर दार लावलं.

आता तो मेला तर काय होईल, याचा तिने तिथल्या तिथे विचार केला. मेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार? अहवाल आहे तसाच राहील, कायमचा. तो जगायला हवा होता. निदान उत्तर देण्यापुरता तरी.

"येईन," ती म्हणाली. "पण गोड बोलणार नाही, आधीच सांगते."

हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या भावाला तिने आधी ओळखलंच नाही. सदरा त्याच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. डावी बगल फुगली होती, म्हणून तो हात जरा लांब धरून बसला होता.

"आलीस?" तो म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही."

"मला वाटलंच. ऊर बडवत येशील अशी अपेक्षा नव्हतीच."

पेशींची डॉक्टर चाळिशीची, बुटकी, भरभर बोलणारी बाई होती. तिने कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. निरीक्षकाने हाताची घडी घालून ऐकलं आणि मग आपल्या जुन्या नोकरीतल्या आवाजात विचारलं, "यशाची खात्री किती?"

"खात्री नाही. शक्यता चांगली आहे."

"ती कशावर अवलंबून?"

"बऱ्याच गोष्टींवर. आधीच्या औषधांनी तुमच्या पेशी किती दमल्यात त्याच्यावर. दमलेल्या पेशी प्रयोगशाळेत नीट वाढत नाहीत आणि अंगात गेल्यावर टिकत नाहीत. दुसरं, सोडायच्या दिवशी आजार किती उरलाय. फार असेल तर पेशीही हरतात आणि दुष्परिणामही जोरात होतात. मधे दिवस किती जातात, तेही महत्त्वाचं. कधीकधी कॅन्सरच आपली खूण पुसून टाकतो, मग पेशींना तो ओळखूच येत नाही. त्याला माझा इलाज नाही. पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. विचारीन ते खरं सांगायचं. स्टेरॉइडची गोळी कधी घेता का? गुडघ्यासाठी, भुकेसाठी, कशासाठीही?"

"नाही."

"गेल्या दोन आठवड्यांत?"

"नाही म्हटलं ना." त्याने फॉर्मवर 'नाही'समोर खूण केली आणि खाली सही केली. अक्षर पूर्वीसारखंच होतं. आधी सगळी अक्षरं लिहून घ्यायची आणि मग वर एकच लांब रेघ ओढायची, पट्टीने आखल्यासारखी.

पेशी दुसऱ्या दिवशी काढायच्या होत्या. हॉस्पिटलसमोरच नातेवाइकांसाठी खोल्या होत्या, त्यातली दुसऱ्या मजल्यावरची एक त्यांना मिळाली. दोन लोखंडी खाटा, एक टेबल, खिडकीला जाड पडदा. संध्याकाळी तो आंघोळीला गेला. टेबलावर त्याचा चष्मा पडला होता. दोन्ही काचांवर इतके ओरखडे होते की तिच्या हातांना राहवेना. पुसायला फडकं हवं म्हणून तिने चष्म्याचं घर उघडलं. फडक्याखाली गोळ्यांचं पाकीट होतं. दहातल्या सात गोळ्या गायब. तिने पाकीट उजेडात धरून औषधाचं नाव अक्षर अक्षर वाचलं, चपला अडकवल्या आणि तडक रस्ता ओलांडला.

अर्ध्या तासाने डॉक्टर स्वतः खोलीत आली.

"सात दिवसांत सात," ती म्हणाली. "मी दोनदा विचारलं होतं."

"मेडिकलवाला ओळखीचा आहे," निरीक्षक म्हणाला. "अंग दुखत होतं. एवढीशी तर गोळी!"

"ही एवढीशी गोळी त्याच पेशींना दाबून ठेवते, ज्या मला उद्या काढायच्या होत्या. दबलेल्या पेशी पाठवल्या असत्या, त्या वाढल्या नसत्या आणि चार आठवड्यांनी आपल्या हातात काहीच नसतं. आता गोळी बंद. पेशी आठवडाभराने काढू. हा आठवडा तुम्ही स्वतः घालवलात." ती दार ओढून निघून गेली.

तो बहिणीकडे वळला. कानापर्यंत लाल झाला होता. "चहाडखोर कुठली! लहानपणापासून हेच. माझ्या सामानात हात घालायचा तुला काय अधिकार?"

"ओरड अजून. पण कागदावर खोटं लिहायची तुझी सवय या वेळी तुझ्याच जिवावर उठली होती. मागच्या वेळी दुसऱ्याच्या उठली."

"तो विषय काढायचा नाही."

"मी त्याच विषयासाठी आलेय."

"मग परत जा!"

"जाईन. अठ्ठावीस दिवस भरले की."

आठवड्याने पेशी काढल्या. दोन्ही हातांत सुया, मधे यंत्र. एका हातातून रक्त जायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या होऊन पिशवीत साठायच्या आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत यायचं. चार तास तो हात न हलवता पडून होता. ओठांना मुंग्या आल्या की सिस्टर कॅल्शियमची गोळी द्यायची. नाकाला खाज सुटली तर बहिणीला सांगावं लागत होतं आणि सांगायचं त्याच्या जिवावर येत होतं. शेवटी तो डोळे मिटून म्हणाला, "नाक." तिने रुमालाने त्याचं नाक इतक्या जोरात पुसलं की सिस्टर हसली.

पेशी तयार व्हायला चार आठवडे लागणार होते. तोवर आजार वाढू नये म्हणून बगलेतल्या गाठीला दहा वेळा किरण द्यायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी कातडी जळजळते म्हणून तो अडून बसला. दुकानात रजा सांगून आलेल्या चष्मेवालीने त्याच्या चपला त्याच्यासमोर आपटल्या.

"ऊठ. डॉक्टर काय म्हणाली ऐकलंस ना? जेवढा आजार कमी, तेवढं पेशींचं काम सोपं."

"तुला माझा एवढा पुळका कधीपासून आला?"

"पुळका नाही. तू मेलास तर माझं काम अर्धवट राहील."

त्याने चपला घातल्या. दहाच्या दहा वेळा गेला. रोज जाताना तिला एक शिवी घालायचा.

पेशी सोडायचा दिवस अगदीच साधा निघाला. मुठीएवढी पिशवी आली, तीही गोठलेली. ती कोमट पाण्यात वितळवली आणि दहा मिनिटांत नळीतून अंगात गेली. खोलीभर लसणासारखा उग्र वास पसरला. "एवढंच?" निरीक्षक म्हणाला. "एवढ्यासाठी एवढा तमाशा?"

खरा तमाशा पुढे होता. सिस्टरने चष्मेवालीला एक वही दिली आणि बजावलं, "चार-चार तासांनी ताप. दिवसातून तीनदा ही परीक्षा. वर्ष, महिना, गाव आणि हॉस्पिटल विचारायचं. तीन वस्तू दाखवून नावं विचारायची. एक काम सांगायचं. शंभरापासून दहा-दहाने उलटं मोजायला लावायचं. आणि एक वाक्य लिहून घ्यायचं. पेशी जोरात कामाला लागल्या की मेंदूला सूज येऊ शकते आणि अक्षर सगळ्यात आधी बिघडतं. जरा जरी फरक दिसला तरी हे बटण दाबायचं, लगेच. विचार करत बसायचं नाही. आणि किती वाजता दिसलं, ते वहीत लिहायचं."

"वाक्य कुठलं लिहायचं?"

"त्यांना सुचेल ते."

पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, 'परीक्षा घेणारी व्यक्ती या कामास अपात्र आहे.' तिने वाचलं, खाली 'पाहिलं' असं लिहून वेळ टाकली.

दुपारी, 'नळ गळतो.'

संध्याकाळी तिने वही त्याच्यापुढे सरकवली. "आता मी सांगते ते लिही. 'मी व्हॉल्व्ह तपासला नव्हता.'"

"वाक्य माझ्या मनाचं लिहायचंय. सिस्टर काय म्हणाली, ऐकलं नाहीस?" त्याने लिहिलं, 'बहीण कान असून बहिरी आहे,' आणि वरची रेघ झोकात ओढली.

तिसऱ्या दिवशी ताप एकशे तीनवर गेला. त्याला वॉर्डात हलवलं. रक्तदाब उतरला, एका औषधाचं सलाइन लावलं आणि दोन दिवसांनी ताप खाली आला. "पेशी वाढतायत, त्याची खूण आहे ही," डॉक्टर म्हणाली. तापातही तो तिला 'अपात्र' म्हणत होता, त्यामुळे डोकं शाबूत आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. सहाव्या दिवशी दोघं परत खोलीत आली.

सातव्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ती वही घेऊन त्याच्या खाटेपाशी बसली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"वर्ष कोणतं?"

त्याने वर्ष सांगितलं. ते अकरा वर्षांपूर्वीचं होतं.

तिला वाटलं मुद्दाम डिवचतोय. "नीट सांग."

त्याने तेच वर्ष परत सांगितलं, अगदी सरळ चेहऱ्याने. तिने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "हे काय?"

"चावी," तो म्हणाला. मग स्वतःच गोंधळला. "चावी... ची..."

बटण टेबलावर, तिच्या कोपराशी होतं. तिने हात पुढे केला, तेवढ्यात त्याने वही तिच्या मांडीवरून ओढून घेतली आणि लिहायला लागला. अक्षरं मोठी झाली, वरची रेघ नव्हतीच, शब्द खाली घसरत कागदाच्या कडेला जाऊन थांबले.

'व्हॉल्व मी पहिला नाही दाजी जगे होते.'

'पाहिला'मधला काना गेला होता, 'जागे'मधलाही. पण वाक्य स्वच्छ वाचता येत होतं.

चष्मेवालीचा पुढे केलेला हात बटणाऐवजी वहीकडे गेला. अकरा वर्षं ती ज्या ओळीसाठी झुरली होती, ती ओळ तिच्या पुढ्यात पडली होती. ओळीखाली जागा कोरी होती.

"सही कर," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"इथे. खाली. सही कर, छोटू."

त्याने पेन टेकवलं. ज्या माणसाने आयुष्यभर सह्या ठोकल्या, त्याला सही आठवेना. पेन गोल गोल फिरत राहिलं. तिने त्याचं मनगट धरून परत सुरुवातीला नेलं. "नाव लिही नुसतं." पुन्हा गोलच. कागद फाटला. तिने पान उलटलं, "बरं, इथे कर," म्हणाली. त्याच्या तोंडाचा एक कोपरा उडायला लागला होता.

"ताई," तो म्हणाला. "ताई, हे... ते काढ ना. ते..."

आणि त्याचे डोळे वर फिरले.

तिने बटण दाबलं तेव्हा घड्याळात तीन सोळा झाले होते.

माणसं धावत आली. स्ट्रेचरवर घेताना त्याला झटका आला. दातांच्या कडकड आवाजाने ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मग खोली रिकामी झाली. टेबलावर वही आणि तिच्यापुढे वेळेचा रकाना.

तीन सोळा लिहिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. तिथे ती एकटीच होती. नवऱ्याच्या वेळीही अहवालाच्या कागदापुढे असाच कोणीतरी एकटा बसला होता. तिने लिहिलं, 'फरक दिसला ३.१०. बटण दाबलं ३.१६.'

संध्याकाळी डॉक्टर अतिदक्षता विभागातून बाहेर आली. वही तिच्या हातात होती. "झटके थांबलेत. सूज उतरायला आता स्टेरॉइड देतोय. हो, तेच. पेशी काढायच्या आधी ते विष होतं, आता औषध आहे. मेंदू वाचवायचा तर पर्याय नाही." तिने वहीवर बोट ठेवलं. "ही सहा मिनिटं कसली?"

"त्याची सही घेत होते."

"कसली सही?"

चष्मेवालीने सांगितलं. सगळं. डॉक्टरचा चेहरा दगडासारखा झाला.

"बाई, मेंदूला सूज आलेल्या माणसाकडून तुम्ही कबुलीजबाब घेत होता?"

"हो."

"तुम्हाला लाज नाही वाटली?"

"आता वाटतेय," चष्मेवाली म्हणाली. "तेव्हा नाही वाटली."

"तो कागद फाइलमध्ये राहील. तुम्हाला मिळणार नाही. तो पुरावा नाही, लक्षण आहे." एवढं बोलून डॉक्टर वळली.

झटक्यानंतर तिसऱ्या दिवशी तो शुद्धीत आला. वर्ष बरोबर सांगितलं, शंभरापासून बिनचूक उलटा आला. सातव्या दिवसाबद्दल त्याला काहीही आठवत नव्हतं. पण नोकरीतली खोड जात नाही; बाराव्या दिवशी त्याने आपली फाइल वाचायला मागितली. चष्मा नाकावर ठेवून पान न् पान वाचलं. वॉर्डातल्या खुर्चीत बसलेल्या बहिणीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की तो कुठल्या पानावर पोचलाय.

"सहा मिनिटं!" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तू मला मरू देत होतीस!"

"सही करून घेत होते."

"एकूण एकच! लेखी तक्रार करणार मी तुझी. तुला आता बघतोच."

"कर. खरं आहे ते. आणि वरची ओळ वाचलीस का?"

"भ्रमात माणूस वाटेल ते लिहितो."

"नळ गळतो असं नाही लिहिलंस मग भ्रमात?"

त्याने फाइल आपटून मिटली.

चौदाव्या दिवशी त्याला परत खोलीवर पाठवलं. पंधराव्या दिवशी त्याने दोन पानी तक्रार लिहिली, मुद्दे घालून, सुंदर अक्षरात, आणि रस्ता ओलांडून कार्यालयात देऊन आला. अर्थात एकट्याने बाहेर पडायची परवानगी नसल्यामुळे तिला बरोबर जावं लागलं. तो आत तक्रार देत होता तेव्हा ती बाहेर त्याची पाण्याची बाटली धरून उभी होती. परत आल्यावर तिने थर्मामीटर पुढे केलं.

"दिलीस ना? तोंड उघड आता."

पुढचे नऊ दिवस दोघं एकाच खोलीत राहिली आणि ताप, गोळ्या आणि परीक्षा सोडून एक शब्द बोलली नाहीत. वाक्य म्हणून तो रोज एकच लिहायचा, 'तक्रार दाखल आहे.'

चोविसाव्या दिवशी हॉस्पिटलच्या समितीने दोघांना बोलावलं. समितीत एक प्रशासक बाई, एक ज्येष्ठ सिस्टर आणि दुसऱ्या विभागातला एक डॉक्टर होता. पेशींची डॉक्टर बाजूला बसली होती. प्रशासक बाईंनी तक्रार वाचली आणि चष्मेवालीला विचारलं, "हे खरं आहे?"

"अक्षरन् अक्षर."

"का केलंत असं?"

"त्या कागदासाठी."

कागद फाइलमधून निघाला. फाटलेला भाग पारदर्शक पट्टीने चिकटवला होता. बाईंनी तो दोनदा वाचला आणि निरीक्षकाकडे वळल्या. "विलंबाचं कारण नोंदवायचं तर याबद्दल तुम्हाला विचारावं लागेल. हे काय आहे?"

निरीक्षकाचा हात सदऱ्याच्या गुंडीकडे गेला. हे त्याने धरलंच नव्हतं. दुसऱ्याच्या चौकशा करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आपलीच तक्रार आपल्याला कोपऱ्यात नेईल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"त्याचा इथे संबंध नाही," तो म्हणाला. "मी... मी तक्रार मागे घेतो."

"मागे घ्यायची नाही," चष्मेवाली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"माझी चूक झालीय, ती लिहा. शिक्षा असेल ती द्या. पण चौकशी पुरी करा. अर्धवट चौकशी एकदा आमच्या घरात येऊन गेलीय."

"तुम्ही उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही," दुसरा डॉक्टर निरीक्षकाला म्हणाला. "तब्येतीला ताण नको."

"तब्येतीला काय धाड भरलीय!" निरीक्षक त्याच्यावरच खेकसला. मग बहिणीकडे वळला. दोघांची नजर इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट भिडली. "तुझं समाधान होणारच नाही ना? मी मेलो असतो तरी झालं नसतं."

"नसतंच झालं."

"नव्हता तपासला! घ्या लिहून. त्या महिन्यात अठरा व्हॉल्व्ह होते आणि मी एकटा होतो. ऑफिसात बसून अठरा सह्या केल्या. दाजी जागे होते. दोन दिवस आधी मला सांगायला आले होते, व्हॉल्व्ह चिकटतोय म्हणून. मी म्हटलं, बघतो. झोपले होते असं लिहिलं नसतं तर मी तुरुंगात गेलो असतो. मुलगी दहावीला होती माझी." तो धापा टाकत होता. "झालं? आता बोल, झालं समाधान?"

दोन दिवस आधी नवरा छोटूकडे गेला होता, हे चष्मेवालीला माहीत नव्हतं. नवऱ्याने ते तिलाही सांगितलं नव्हतं. मेहुण्याची तेवढी लाज तरी त्याने राखली होती.

"सांगायला आले होते?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तरी तू माझ्या दारात आलास, ते गेले तेव्हा?"

त्याने मान फिरवली.

प्रशासक बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि निरीक्षकाची सही घेतली. या वेळी ती एका झटक्यात झाली. निर्णय असा झाला की चष्मेवालीला यापुढे त्या हॉस्पिटलात कोणाच्याही सोबतीला राहता येणार नाही आणि उरलेले दिवस निरीक्षकाने वॉर्डात काढायचे. चौकशीच्या नोंदीची प्रत दोघांनाही देण्यात आली.

तिने खोलीतलं सामान आवरलं, पण गावी गेली नाही. बसस्टँडजवळच्या लॉजवर राहिली. तिसाव्या दिवशी स्कॅन होता. वॉर्डात जायला बंदी होती, म्हणून ती खालच्या दालनात बसून राहिली. दुपारी पेशींची डॉक्टर जिन्यावरून उतरताना तिला दिसली. डॉक्टर पुढे निघून गेली, मग थांबली आणि मागे आली.

"स्वच्छ आहे," ती कोरडेपणाने म्हणाली. "बगलेत काही दिसत नाही. कुठेच काही दिसत नाही."

"कशामुळे झालं?"

"एकाच गोष्टीमुळे नाही. किरणांनी आजार आधीच उतरला होता. ताप वेळेवर आटोक्यात आला. आणि पेशी चांगल्या वाढल्या. त्या गोळ्यांवर काढल्या असत्या तर वाढल्या असत्या की नाही, कोण जाणे." आणि ती म्हणाली, "गोळ्यांचं तुम्ही सांगितलंत. सहा मिनिटांबद्दलही तुम्हीच सांगितलंत. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, पण दोन्ही मला लक्षात ठेवावं लागेल."

"टिकेल का?"

"तीन महिन्यांनी परत बघू, मग सहा. दोन वर्षं गेली तर बहुतेक टिकला म्हणायचं."

चष्मेवालीने नोंदीची प्रत कारखान्यांच्या सरकारी कचेरीत नेऊन दिली. पुठ्ठ्याचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. कारकुनाने 'मयताशी नातं?' असं विचारलं आणि शिक्का मारून पोच दिली. चार महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं की मूळ अहवालात दुरुस्तीची नोंद घेतली आहे. तिने ते दुकानात कोणालाही दाखवलं नाही. घरी नेऊन एकदा मोठ्याने वाचलं. वाचताना आवाज इतका बारीक झाला की तिचा तिलाच राग आला.

भावाचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. सहा महिन्यांनंतर भाचीचा आला.

"स्कॅन परत चांगला आलाय, आत्या. बाबा इकडे आलेत, बाळाला बघायला. तुझ्याशी बोलायचं का विचारलं तर म्हणाले, तिला कामं असतील."

"आहेतच."

"बरं, फोटो पाठवलाय बघ."

फोटोत निरीक्षक आरामखुर्चीत बसला होता, पोटावर नात झोपलेली. चेहरा भरला होता. डोक्यावर पांढरे केस परत आले होते, अगदी लहान, उभे, जावळासारखे. चष्मा मात्र तोच होता, ओरखड्यांचा.

तिने फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं. मग आपल्याला बरं का वाटावं, याचा तिला संताप आला आणि तो दिवसभर गेला नाही.